शेजारचा स्लॅब : वाई तालुक्यातल्या एका घराची 2025 ची सुगी

गेल्या वर्षी आमच्या घरची हळद भिजली. का भिजली, याचं उत्तर घरात तयार होतं : माणसं मिळाली नाहीत. तात्या तेच सांगायचे, दादा तेच सांगायचा, आणि पारावर ऐकणारा मान डोलवायचा. मार्चात माणूस मिळत नाही हे आमच्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मीही पुण्याला परतताना तेच उत्तर बरोबर घेऊन गेलो. माझ्याकडे शेतीची पदवी आहे, नोकरी भलतीकडेच आहे, आणि सुगीला तीन आठवडे रजा टाकून घरी यायचं हा दरवर्षीचा रिवाज आहे. मे महिन्यात एका रविवारी ते दिवस वहीवर उतरवून काढले, तेव्हा माणसांचा हिशोब काही केल्या जुळेना. हळद काढायला चार बायका ठरल्या होत्या, चार आल्या. पाऊस आला तेव्हा घरात पाच माणसं हजर होती. मग कमी काय पडलं, याचा हा शोध. घर आमचंच आहे, त्यामुळे चुकांत माझाही वाटा आहे. तो जागच्या जागी सांगतो.

रान आणि घर

रान 2 एकर 15 गुंठे, धोम धरणाच्या कालव्याखालचं. 35 गुंठे उसाचा खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस), 20 गुंठे हळद, 20 गुंठे शालू (रब्बी ज्वारी), 10 गुंठे गहू. राहिलेल्या 10 गुंठ्यांत घर, गोठा, खळं आणि लसूणघासाचे चार वाफे. दावणीला एक म्हैस, तिची रेडी, एक गाय, आणि आईची म्हणून ओळखली जाणारी चार शेरडं. घरात आई, तात्या, दादा, वहिनी, दहावीतली पुतणी, सहावीतला पुतण्या. सुगीपुरता मी.

ऊस फेब्रुवारीतच तुटून गेला होता. खोडव्याची पाचट कुट्टी करून झाली होती आणि आता त्याला फक्त पाणी लागत होतं. त्याचं एवढंच.

स्लॅबची मापं मात्र लक्षात ठेवा. कौलं उतरवून टाकलेला आमचा स्लॅब 24 बाय 28, म्हणजे 672 चौरस फूट. खळं 20 बाय 25, तळ सिमेंटचा, 500 चौरस फूट. घराला लागूनच चुलत घर आहे. त्यांचा स्लॅब 18 बाय 30, म्हणजे 540. दोन्ही स्लॅबच्या कठड्यांमध्ये हातभराचं अंतर आहे. दोन्ही घरांतले पुरुष चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. बांधावरची एक बाभळ कुणाची, यावरून हे झालं. बाभळ तोडली गेली, खोड बांधावर पडून राहिलं, बोलणं थांबलं. बायकांचं मात्र विरजण, ताक, कढीपत्ता कधीच थांबलं नाही. त्याची दखल कुणी घेतली नाही, मीही नाही.

फाल्गुनात स्लॅबवर काय काय वाळतं

शहरातल्या माणसाला गच्ची म्हणजे पाण्याची टाकी आणि दोरीवरचे कपडे. आमच्याकडे होळीच्या आधीपासून अक्षय तृतीयेपर्यंत स्लॅबचा एक फूटही मोकळा नसतो. वर्षाच्या कुरडया, सांडगे, पापड. वर्षाच्या चटणीसाठी लाल मिरची, जी दोन दिवस कडक वाळली की डंकावर जाते. कांदा, लसूण, खोबरं. वर्षभराचा गहू, जो तीन दिवस चांगली ऊनं खाल्ल्याशिवाय कणगीत भरायचा नसतो. आणि या सगळ्यांवर कुरघोडी करणारी हळद.

कुरडयांचा एक दिवस सांगतो, कारण पुढच्या गोष्टीचं मूळ तिथंच आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे चार वाजता परसातल्या चुलीवर मोठं पातेलं चढतं. चीक हाटायला दोन माणसं लागतात : एक धार धरणारं, एक लाकडी दांड्यानं गरगरा हलवणारं. गुठळी झाली की सगळं वाया. चीक शिजून काचेसारखा चमकायला लागला की गरम असतानाच सोऱ्यात भरून स्लॅबवरच्या कापडावर घालत सुटायचं. ऊन चढायच्या आत शेवटची कुरडई पडली पाहिजे. पोरं वाटी घेऊन आधीच बसलेली असतात, चीक-साखर खायला. पंधरा किलो गव्हाच्या कुरडया एका बाईच्या हातनं होत नाहीत. म्हणून बायका एकमेकींच्या पहाटा वाटून घेतात. आज तुझ्याकडं, परवा माझ्याकडं.

गेल्या वर्षी होळी 13 मार्चला होती. आमच्या कुरडया होळीच्या आधी झाल्या. त्याच्याही आधी आई दोन पहाटा शेजारच्या चुलत घरातल्या काकींकडं गेली होती, शिवाय त्यांची मिरचीही निवडून दिली होती. मी तेव्हा पुण्यात होतो. वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, ‘आईला जरा बसवा की आता.’

हळदीचं गणित

आमची हळद सेलम जातीची. 2024 च्या मे महिन्यात लावलेली, नवव्या महिन्यात पाला पिवळा पडून वाळला, तेव्हा पाणी तोडलं. महाशिवरात्रीनंतर पाला जमिनीलगत कापून घेतला. पुतणीचा दहावीचा शेवटचा पेपर 17 मार्चला होता, भूगोलाचा. 19 ला रंगपंचमी, म्हणजे बावधनचं बगाड (जत्रेत ओढायचा लाकडी गाडा). त्या दिवशी आमच्या पट्ट्यात कुदळ धरायला माणूस मागणं म्हणजे वेडेपणा. गावच्या गाव बगाड ओढताना बघायला लोटतं. म्हणून काढणी 20 ला धरली आणि 24 ला संपवली. ओली हळद 57 क्विंटल भरली. जेठे गड्डे (मुख्य कंद) निराळे, बगल गड्डे (बाजूच्या फुटव्यांचे कंद) निराळे, हळकुंडं निराळी, सोरा गड्डे (लावलेलं जुनं बेणं) बाजूला. बेण्यासाठी 6 क्विंटल गड्डे आंब्याच्या सावलीत कोन करून ठेवले, वर हळदीचाच पाला. शिजवायला राहिली 51 क्विंटल.

आता ही शिजलेली हळद पसरायला जागा किती लागते? पाच-सात सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा, असं सांगतात. फार पातळ पसरली तर वरचा रंग उडतो, फार जाड पसरली तर आतून बुरशी धरते. 51 क्विंटलला सहा सेंटिमीटरचा थर धरला तर साधारण 1700 चौरस फूट होतात. हा आकडा मी मे महिन्यात काढला. मार्चमध्ये कुणी काढला नव्हता. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

आमचा स्लॅब आणि खळं मिळून 1172. म्हणजे सगळं मोकळं असलं तरी 500-550 फूट कमीच. पहिले पाच-सहा दिवसच एवढी जागा लागते, पुढं हळद आकसते आणि थर विरळ होत जातो. पण ते पाच-सहा दिवस काढायचे कुठं?

तात्यांच्या उमेदीच्या काळात हा प्रश्नच नव्हता, आणि तो का नव्हता हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा हळद काहिलीत शिजायची. एका वेळी तीन-चार क्विंटल, वर पाला झाकून, खाली उसाचं चिपाड जाळून. ज्वारीची काडी हळकुंडात आरपार गेली की उपसायची. एवढी हळद शिजायला तीन-चार दिवस लागायचे आणि रात्रीचा दिवस करावा लागायचा. पण शेवटचं घाणं बाहेर पडेपर्यंत पहिलं घाणं निम्मं सुकून एका कोपऱ्यात सरकलेलं असायचं. आता वाफेवरचा बॉयलर येतो. चार ड्रम आलटून पालटून भरले जातात. सकाळी सातला धूर निघाला की दुपारी दोनपर्यंत सगळी हळद दारात ओतलेली. मेहनत वाचली, जळण वाचलं, हळदही सारखी शिजते. फक्त जो ताण चुलीवर होता तो जमिनीवर आला. बॉयलर आल्यापासून आमच्या घरात हळदीला जागा कशी पुरत होती, हा प्रश्न आम्हा पुरुषांपैकी एकालाही कधी पडला नाही. ती पुरत होती, एवढंच आम्हाला माहीत.

24 ते 26 मार्च

बॉयलरचा नंबर 3 एप्रिलला लावलेला होता. तो आईनं ठरवून घेतलेला. 28 पर्यंत गहू स्लॅबवरून उतरेल, 29 ला शालूची मळणी होऊन खळं मोकळं होईल, 30 ला पाडवा, मग दोन दिवस झाडलोट, मग हळद. तोवर ओल्या हळदीचा ढीग सावलीत पाल्याखाली निवांत राहतो. दहा दिवसांनी काही बिघडत नाही.

24 ला सोमवारी सकाळी ताईचा फोन आला. तिचं दुसरं बाळंतपण, तारीख एप्रिलच्या मध्यावरची होती, पण पोटात दुखायला लागलं होतं. पहिलं माहेरी झालं होतं, हे सासरी, पिंपरीला करायचं ठरलेलं. आई दोन लुगडी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दहाच्या गाडीनं गेली. जाताना वहिनीला म्हशीचं सांगितलं, विरजणाचं सांगितलं, शेरडांना कुठला पाला घालायचा नाही ते सांगितलं. हळदीचं काही सांगितलं नाही, कारण हळद 3 तारखेला होती आणि तोवर ती परत येणार होती.

म्हशीचा किस्सा इथंच उरकतो. पहिल्या संध्याकाळी तिनं वहिनीला पान्हाच सोडला नाही. वहिनीनं पेंड घातली, चुचकारलं, रेडी सोडून बघितली. शेवटी दादानं खुंटीवरचं आईचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं आणि खाली बसला. म्हशीनं मागं वळून हुंगलं, क्षणभर विचार केला आणि पान्हा सोडला. पुतण्या हसून हसून गव्हाणीत पडला. तरी पाच लिटरची साडेतीनवर आली ती आई येईपर्यंत.

25 ला संध्याकाळी बॉयलरवाल्याचा फोन. पलीकडच्या गावातला एक नंबर रद्द झाला होता. ‘उद्या मोकळाय, येऊ का? न्हाईतर मग 3 तारखेचं काय सांगता येत न्हाई, पुढं ढकलंल.’ तात्या म्हणाले, या. मलाही ते बरोबरच वाटलं. माझी रजा 6 एप्रिलपर्यंत होती. हळद लवकर शिजली तर वाळवणीपर्यंत मी हाताशी असणार होतो. लवकर आटोपलं तर चांगलंच, हा विचार शेतीत किती वेळा अंगाशी आलाय. तरी मी तो केला.

आईला विचारलं नाही. ती दवाखान्यात होती, ताईच्या कळा सुरू झाल्या होत्या. तेव्हा फोन करून हळदीचं विचारणं शोभलंही नसतं.

26 च्या सकाळी स्लॅबवर गहू होता, एकच ऊन खाल्लेला. तो घाईनं पोत्यात भरून माजघरात लावला. खळ्यावर शालूच्या कणसांचा ढीग. मळणी मशीन 29 शिवाय येणार नव्हतं, तो हलवणं शक्य नव्हतं. बॉयलर दारात लागला, ड्रमांत वाफ सोडली, घरभर हळदीचा तो जड गोडसर वास भरला. पहिले दोन ड्रम स्लॅबवर गेले तेव्हाच कळलं की हे बसत नाही. वहिनी पाटी उतरवताना दादाला म्हणाली, ‘काकींचा स्लॅब मोकळा दिसतोय, बघा की.’ बॉयलरचा आवाज होता, पण एवढाही नव्हता. दादानं ऐकलं, मीही ऐकलं. दादा म्हणाला, ‘त्यांच्या दारात कोण जाणार आता.’ मी काहीच म्हणालो नाही. वहिनी पुन्हा बोलली नाही. सासूच्या मागं, सासऱ्यांसमोर, ज्या घराशी पुरुषांचं बोलणं नाही तिथं आपण होऊन जाणं तिच्या हातात नव्हतं. आणि ज्यांच्या हातात होतं, ते आम्ही पाट्या उचलत होतो.

निम्म्यापेक्षा थोडी कमी हळद गव्हाच्या रिकाम्या रानात नेली. आमच्याकडे ताडपत्र्या सहा. दोन कडब्याच्या गंजीवर आणि कणसांवर होत्या. तीन गव्हाच्या रानात हळदीखाली अंथरल्या. एक स्लॅबवर झाकायला ठेवली. म्हणजे रानातल्या हळदीवर झाकायला काही उरलं नाही. ‘एप्रिल लागंस्तवर कुठला पाऊस’ असं तात्या म्हणाले. ते खोटंही नव्हतं. पाऊस एप्रिल लागल्यावरच आला.

1 एप्रिल, मंगळवार

दुपारीच पांडवगडाच्या बाजूला ढग चढले होते. ऊन होतं, पण चटका वेगळा होता. संध्याकाळी रोजच्यासारखे ढीग करून घेतले. स्लॅबवरच्या ढिगावर ताडपत्री. रानातल्या ढिगांवर युरियाच्या पोत्यांची शिवलेली पासोडी आणि जुनी लुगडी, वर दगड. रात्री कालव्याची पाळी होती, त्यामुळे दादा खोडव्याला पाणी द्यायला गेला.

साडेआठला वारा सुटला. मी, तात्या, वहिनी आणि दोन्ही पोरं, पाचही जण गव्हाच्या रानात पळालो. माणसं कमी पडली, असं मी इथं लिहूच शकत नाही. दहा मिनिटांत सगळे ढीग नीट झाकून झाले होते. पुतणीनं तर स्वतःची ओढणीही दगडाखाली दाबली. मग गारांसकट पाऊस आला, वीस-पंचवीस मिनिटं.

वरून फार पाणी आत गेलंच नाही. पाणी आलं खालून. गव्हाच्या रानाला उतार ईशान्येच्या कोपऱ्याकडे आहे आणि आम्ही रस्ता जवळ पडतो म्हणून नेमकं त्याच कोपऱ्यात पसरलं होतं. वारा लागू नये म्हणून ताडपत्र्यांच्या कडा ढेकळं लावून उचलल्या होत्या. वरच्या अंगाची ढेकळं विरघळली, तिथून पाणी आत शिरलं. खालच्या अंगाची टिकली, ती त्याला बाहेर जाऊ देईनात. बॅटरी मारली तर तीन ताडपत्र्यांची तीन तळी, त्यांत हळकुंडं बुडालेली, आणि पाणी पिवळंधमक. तात्या कडेला उभे होते. वाकून एक हळकुंड उचललं, लुंगीला पुसलं आणि परत ठेवलं.

स्लॅबवरची हळद कोरडी राहिली. तिला सहाव्या दिवसापर्यंत जे ऊन मिळालं होतं, ते वाया गेलं नाही.

सकाळी साडेसहाला कठड्यापलीकडून खराट्याचा आवाज आला. काकी त्यांचा स्लॅब झाडत होत्या. मला बघून थांबल्या. ‘आरं पोरा, ह्यो स्ल्याब पंधरा दिस झाडूनच ठिवलाय की. तुज्या आईनं सांगिटलं हुतं, बॉयलर आला की आमची हळद तुमच्याकडं टाकीन म्हनून. आमी म्हनतोय आज टाकत्याल, उद्या टाकत्याल. इचारलं का न्हाईसा?’

540 फूट. 672, 500 आणि 540 मिळून 1712. आईनं कधी टेप लावली नसणार. किती पाट्या कुठं बसतात, हे तिला माहीत होतं. दोन पहाटा चीक हाटला होता, त्याच्या बदल्यात ही जागा ठरली होती, आणि ही देवघेव बॉयलर गावात आल्यापासून दरवर्षी चालू होती. दरवर्षी काही पाट्या कठड्यावरून पलीकडं जात होत्या. मी त्या जाताना बघितल्याही होत्या. पण त्या ‘बायकांच्या’ होत्या, म्हणून माझ्या डोक्यात त्याची नोंद झाली नाही.

दादा गेला त्यांच्या स्लॅबवर. भिजलेली सगळी हळद दुपारपर्यंत तिकडं पसरून झाली. तात्या त्या दिवशी रानातच बसून राहिले.

नुकसानीचा हिशोब

वाळलेली हळद एकूण 10 क्विंटल 40 किलो भरली. ओलीच्या साधारण पाचव्या हिश्श्याला वाळलेली, हे आमचं दरवर्षीचं प्रमाण. त्यातली भिजलेली 4 क्विंटल 10 किलो. तिला वाळायला आणखी नऊ दिवस गेले. 30 किलो बुरशीची निघाली, ती टाकली. बाकीची पॉलिश करून बघितली, पण ड्रम फिरवून वरची साल निघते, गेलेला रंग येत नाही. चांगलं हळकुंड मोडलं की खणकन आवाज येतो आणि आत नारिंगी दिसतं. हे मोडताना नुसतं कट् म्हणे आणि आत तपकिरी कडा दिसे.

सांगलीच्या सौद्यात दोन्ही ढीग वेगळे लावले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाजारही जुना आणि जाणता आहे. तिथं मिसळून खपवू म्हणणारा फसतो. तात्यांनी येताना सांगलीजवळच्या हरिपूरकडे बोट दाखवून जुन्या पेवांची आठवण काढली. पूर्वी आमच्या आजोबांची हळद तिथं जमिनीखाली पेवात राहायची आणि भाव आला की निघायची. 2005 च्या पुरात त्यातली बरीच पेवं पाण्यात गेली. तात्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनी पुरं केलं नाही. भिजलेल्या हळदीला क्विंटलमागं 2,100 रुपये कमी मिळाले. टाकलेली हळद आणि वाढलेली मजुरी धरून खड्डा 13-14 हजारांचा. एका आठ दिवस आधीच्या नंबरापायी.

त्या खड्ड्यात एक गोष्ट आम्ही धरलीच नव्हती. एकच ऊन खाल्लेला गहू तसाच भरून ठेवला होता. जुलैत कणगी उघडली तर सोंडे, म्हणजे धान्यातली कीड. वहिनीनं आणि आईनं चार क्विंटल गहू पुन्हा चाळला, निवडला, श्रावणातल्या ऊन-पावसात आत-बाहेर केला. दादाच्या वहीत या कामाची ओळ नाही. त्या वहीत डिझेल आहे, बॉयलरचं भाडं आहे, बायकांची हजेरी आहे, पॉलिश आहे, हमाली-तोलाई आहे. चीक हाटलेल्या दोन पहाटा नाहीत. माझ्या मते आमच्या हळदीच्या पिकातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गुंतवणूक तीच होती.

एक मात्र कबूल करायला हवं. आईच्या 3 तारखेनं पाऊस चुकला असता, तो योगायोग. पाऊस 5 ला आला असता तर तिचीही हळद पसरलेलीच सापडली असती. फरक एवढाच पडला असता की सगळी हळद सिमेंटवर असती आणि सहापैकी एकही ताडपत्री तिच्याखाली गेली नसती.

आई आल्यावर

ती 5 एप्रिलला आली, रामनवमीच्या आदल्या दिवशी. ताईला मुलगी झाली. आल्या आल्या तिनं पहिल्यांदा विचारलं, ‘म्हशीनं पान्हा सोडला का?’ मग गोठ्यात जाऊन आली, हात धुतले आणि कठड्यापाशी उभी राहून काकींच्या स्लॅबवरची हळद बघितली. एक हळकुंड दातांत धरून मोडलं. काही बोलली नाही. तात्या ओसरीवर होते. तेही काही बोलले नाहीत. चहा झाला.

नंतर मे महिन्यात मी वही घेऊन तिच्यासमोर बसलो आणि तू हे सगळं लक्षात कसं ठेवतेस, असं विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, कुरडया होळीच्या आत, मिरची तुकाराम बीजंच्या पुढं, गहू पाडव्याच्या आत, हळद पाडव्याच्या पुढं. म्हणजे तिचं वेळापत्रक सणांना बांधलेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या लिटरांशेजारी पेन्सिलीचे टिंब होते. ते मी इतकी वर्षं म्हशीच्या भरवण्याच्या (गाभण करण्याच्या) खुणा समजत होतो. त्यातले निम्मे काकींच्या घरच्या दिवसांचे होते.

या पद्धतीत एक खोट आहे, ती वहिनीनं काढली. सण चंद्रावर चालतात, हळद उन्हावर. गेल्या वर्षी पाडवा 30 मार्चला होता, यंदा 19 मार्चला, म्हणजे 11 दिवस आधी. ‘पाडव्याच्या आत गहू’ यंदा जमणारच नव्हतं, दाणा ओलाच असता. दोघींनी त्यावरून बराच वाद घातला, आई तिथीवर, वहिनी तारखेवर. शेवटी पुतणीच्या जुन्या ड्रॉइंग कागदाच्या मागं वहिनीनं तीन आडव्या पट्ट्या आखल्या : आमचा स्लॅब, खळं, काकींचा स्लॅब. वर तारखा, खाली आईच्या हातानं तिथी. तो कागद स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं लावलाय. बॉयलरवाल्याचा नंबर दादाच्या फोनबरोबर आता वहिनीच्याही फोनमध्ये आहे. दोन ताडपत्र्या नव्या आणल्या.

फेब्रुवारीत काकींच्या घरचा हरभरा निघाला आणि त्यांना खळं हवं होतं. निरोप नेहमीसारखा कठड्यावरून आला. वहिनीनं जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, ‘काकींना गुरुवारी खळं पाहिजेल.’ तात्या भाकरी मोडत होते, मोडत राहिले. गुरुवारी सकाळी मी उठलो तर ते खळं झाडत होते. ट्रॅक्टर आला, चुलते खाली उतरले. दोघं घाटे अळीवर बोलले, औषधाच्या भावावर बोलले, यंदा दाणा बारीक का पडला यावर बराच वेळ बोलले. बाभळीचं खोड अजून बांधावर तसंच पडलंय.